खंडेनवमीला धुतलेल्या तबकड्या

ही गोष्ट १९८३ सालची. त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या मध्यात आला होता आणि सौंसरच्या आसपासच्या बगीच्यांत आंबिया बहाराची संत्री नुकती रंग धरू लागली होती. नलिनी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि मोठं अंगण असलेल्या घरात, मनकर्णा आत्याबरोबर राहायची. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारून लोक कधीच थकले होते. आता त्यांना दुसरा प्रश्न सापडला होता : ही बाई जुने तवे कशाला गोळा करते?

तवे म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या. नाट्यगीतांच्या किंवा अभंगांच्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. नलिनी गोळा करायची ते जाझ. तिचे वडील मँगनीजच्या खाणीत कारकून होते. खाणीच्या साहेबांचा एक क्लब होता, आणि वडिलांची वाट पाहत त्या क्लबाच्या ओट्यावर बसलेल्या आठ वर्षांच्या नलिनीच्या कानांवर ते संगीत पहिल्यांदा पडलं. शब्द कळत नव्हते, पण तीन-चार वाद्यं एकमेकांचं बोलणं तोडत, पुन्हा जुळवून घेत पुढे जातात, आणि शेवटी सगळी एकाच जागी येऊन थांबतात, हे तिला कळलं. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा चावीचा ग्रामोफोन आणि अकरा तबकड्या वडिलांना देऊन गेला. वडील गेले, आई त्याआधीच गेली होती, आणि नलिनीला आत्यानं वाढवलं. ग्रामोफोन मात्र तसाच चालत राहिला.

अकराच्या पुढे तिनं ज्या मिळवल्या त्या पांढुर्ण्याच्या दादारावांकडून. दादाराव भंगारवाले. कोळशाच्या खाणी सरकारनं घेतल्यावर तिकडचे क्लब, बंगले मोडीत निघाले, आणि तिथलं सामान दादारावांच्या टिनाच्या शेडमध्ये येऊन पडलं. नलिनी महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी सौंसरहून बसनं जायची, पदर खोचून खोके उपसायची. दादारावांची विकायची रीत मात्र संत्रीवाल्यांसारखी. बगीचा जसा झाडावरच्या फळांसकट, नजरेच्या अंदाजानं, उक्ता विकतात, तसा ते खोका विकायचे. आतून निवडून घेऊ द्यायचे नाहीत.

"बगीचा घ्यायचा असन तं पुरा घ्या बाई," ते म्हणायचे. "चांगलं चांगलं फळ तोडून नेनारं गिऱ्हाईक मले चालत नाई."

त्यामुळे एका चांगल्या तबकडीपायी तिला दहा फुटक्या आणि पाच इंग्रजी प्रवचनांच्या घ्याव्या लागत. त्या वर्षीच्या मे महिन्यात दादारावांकडे एकदम मोठा माल आला, तेव्हा तिनं आत्याला सोबत नेलं. मनकर्णानं पांढुर्ण्याच्या मंडीत बावीस हंगाम संत्री निवडायचं काम केलं होतं. तिथे सौदा रुमालाखाली होतो : दोघांचे हात कापडाखाली, बोटांची भाषा, तोंडातून अक्षर नाही. म्हातारीनं शेडमध्ये बसल्याबसल्या आपला नऊवारीचा पदर पुढे केला, त्याखाली हात घातला आणि दादारावांना म्हणाली, "ये इकडं."

दादाराव हसत हसत बसले. उठले तेव्हा हसत नव्हते. "बाई," ते नलिनीला म्हणाले, "पुढच्या खेपेले आत्याले घरी ठेवून येत जा."

सहा खोके घरी आले. आत्या त्या दिवसापासून तबकड्यांना 'आपला माल' म्हणू लागली. शाळा, परीक्षा आणि ग्रामोफोनच्या सुयांची टंचाई यांमुळे नलिनीला त्यातल्या वीस-पंचवीसच वाजवून बघता आल्या. बाकीच्यांच्या मधल्या गोल कागदावरची नावं तेवढी तिनं वहीत उतरवून घेतली. कोणता वाद्यवृंद, कोणतं गाणं, कोणती कंपनी. ती वही तिला फार प्रिय होती. खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात तिनं तबकड्या ऐकल्या त्यापेक्षा वही जास्त वाचली.

खंडेनवमीच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून ती सुयांची डबी आणायला पहिल्या बसनं नागपूरला गेली. सीताबर्डीवर एका घड्याळवाल्याकडे अजून सुया मिळायच्या. एकच डबी शिल्लक होती, तीत जेमतेम डझनभर सुया. दुपारी ती परतली, दार लोटलं आणि अंगणातच उभी राहिली.

दोन बाजांवर, पाटांवर, उलट्या टोपल्यांवर दीडशे काळ्या तबकड्या सावलीत वाळत ठेवल्या होत्या. आरशासारख्या चमकत होत्या. एकीच्याही मधोमध कागद नव्हता. बाजूच्या घंगाळात रिठ्याच्या पाण्यावर लाल, निळा, सोनेरी लगदा तरंगत होता.

खंडेनवमीला घरोघर हत्यारं धुतात : विळे, तराजू, शिवणाची कात्री. धुऊन त्यांना हळदकुंकू लावतात. आत्यानं विचार केला, आपल्या नलूचं हत्यार कोणतं? सकाळपासून तिनं एकेक तबकडी भिजवली, नारळाच्या शेंडीनं घासली, मधला चिकट कागद नखानं खरवडून काढला. जुनी पाकिटं चुलीत घातली. ती हळदकुंकवाची वाटी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "पाय नलू, कशा निंघाल्या. किती वर्सांचा मळ होता वो."

नलिनीनं पिशवी खाली ठेवली आणि आत जाऊन बसली. शेजारच्या सुमननं मग म्हातारीला समजावलं की त्या कागदावर नाव-गाव लिहिलेलं असतं. मनकर्णाला वाचता येत नव्हतं. तिला तो पेटीवरचा छाप वाटला होता. संत्र्याच्या पेटीवर दलाल मारतात तसा. फळ घरी आलं की छापाचं काय काम?

त्यानंतर घरात कामापुरतंच बोलणं होऊ लागलं. नलिनी ओरडली असती तर म्हातारीला सोपं गेलं असतं. ती फक्त वही उघडायची आणि मिटायची. वहीत दीडशे नावं होती, कोपऱ्यात दीडशे तबकड्या होत्या, आणि आधी वाजवलेल्या थोड्या सोडल्या तर कोणतं नाव कोणत्या तबकडीचं हे सांगणारं जगात कुणी नव्हतं. आत्या रात्रीची भाकर अर्धीच खाऊ लागली. नलिनीला ते दिसत होतं, पण जीभ वळत नव्हती.

दिवाळी झाली. शाळा उघडायला चार दिवस असताना, सकाळच्या छोट्या लाइनीच्या गाडीनं रामाकोन्याहून दोन माणसं घर विचारत आली. पुढे साठीची, सडसडीत, अनवाणी बाई. मागे धोतर-कोट-टोपीतले तिचे दीर. बाई विजयमाला कामडे, आणि दीर नत्थूजी, ग्रामसेवक.

पाणी पिऊन झाल्यावर विजयमालाबाईंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांचे यजमान चिंधूजी. तरुणपणी कामठीच्या पलटणीत बँडमध्ये भरती झाले, तिथे क्लॅरिनेट शिकले, आणि लढाई संपल्यावर मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात गोवेकरी वादकांबरोबर साहेबांच्या नाचाला वाजवू लागले. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी सुट्टीवर येताना एक तबकडी घेऊन आले. म्हणाले, यात मी आहे. घरात वाजवायला यंत्र नव्हतं. त्यांनी ती बायकोच्या हातात दिली आणि पुढच्याच पावसाळ्यात टायफॉइडनं मुंबईतच वारले. पस्तीस वर्षं ती तबकडी लुगड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी होती. मागच्या वर्षी पेटीला वाळवी लागली, घाईघाईत पेटी दादारावांच्या माणसाला देऊन टाकली, आणि तबकडी आतच राहिली. बाईंनी पांढुर्ण्याला जाऊन दादारावांना गाठलं. ते म्हणाले, तो माल सौंसरच्या मास्तरीणबाईंच्या खोक्यात गेला.

"आता गावात मारोतीच्या देवळाचा सभामंडप बांधून राहिले," बाई म्हणाल्या. "भितीवर गावच्या कलावंतांचे नावं लिवनार हायेत. भजनवाले, दंडारीवाले, सारे. मी म्हनलं यांचं बी लिवा. तं हे भाऊजी म्हनते, पुरावा आना."

"मी कमिटीवर हाओ," नत्थूजी म्हणाले. ते शांतपणे बोलत होते, पण नजर कुणाकडे नव्हती. "उद्या कोनी इचारलं तं मी काय सांगू? मी सोताच्या डोळ्यानं पायलं बाई. बारा वर्साचा होतो, मुंबईले गेलतो त्याच्याकडं. त्या हाटेलात तो मागच्या दारानं शिरत होता. मागच्या दारानं भांडे घासनारेच जाते. वहिनीले वाईट वाटू नये म्हनून इतके दिवस बोललो नाई." मग त्यांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला. "तबकडीवर नाव छापलं असन तं दाखवा. मले इंग्रजी वाचता येते."

विजयमालाबाई नलिनीकडे बघत होत्या. बाईंना काय हवं होतं ते स्वच्छ होतं. त्यांना नवऱ्याचं नाव हवं होतं, दिरासमोर, आजच.

दार लावून घेता आलं असतं. तबकडी आलीच नाही, असंही म्हणता आलं असतं. पण नलिनीनं झालं ते सगळं सांगितलं. खंडेनवमी, रिठे, घंगाळ. सांगताना तिनं आत्याकडे पाहिलं नाही. आत्या चुलीपाशी उभी होती, हातातला कप तसाच.

नत्थूजींनी चष्मा पुन्हा खिशात ठेवला. "म्हंजे पुरावा धुतल्या गेला," ते म्हणाले. "चला वहिनी. दुपारची गाडी सापडन."

विजयमालाबाई उठल्या नाहीत. त्या जमिनीकडे बघत होत्या. तेव्हा मनकर्णा पुढे आली.

"कागद गेला भाऊ," ती म्हणाली, "गानं तं नाई गेलं. बसा खाली."

तिनं नलिनीला विचारलंही नाही. विजयमालाबाईंचा हात धरला आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथे तबकड्या चार थरांत रचल्या होत्या, आणि ते थर नलिनीनं लावले नव्हते. वाळल्यावर म्हातारीनं सवयीनं माल निवडून ठेवला होता. बावीस हंगाम संत्रं हातात घेऊन, न बघता, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशा ढिगांत टाकलेले ते हात. वजनानं, कडेच्या जाडीनं, अंगाच्या खरखरीनं तिनं तबकड्यांची प्रत लावली होती. नलिनीला हे इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं, कारण तिनं तिकडे नीट पाहिलंच नव्हतं.

"तुमची कशी होती?" आत्यानं विचारलं.

विजयमालाबाईंनाही वाचता येत नव्हतं. पण पस्तीस दिवाळ्या त्यांनी ती तबकडी लुगड्यातून काढून पुसली होती. त्यांनी डोळे मिटले आणि एकेका थरावर हात फिरवला. पहिला नाही. दुसरा नाही, फार गुळगुळीत. तिसऱ्यावर हात थांबला. "अशी जाड कड," त्या म्हणाल्या. "भाकरीच्या काठावानी. अन् अंगाले खरबरीत." त्या थरातल्या त्यांनी एकेक उचलून पाहिल्या आणि नऊ बाजूला काढल्या. यांच्यातच आहे म्हणाल्या. यापुढं मात्र हाताला कळत नाही.

नऊ तबकड्या, अठरा बाजू. नलिनीनं अंगणात चटई घातली, ग्रामोफोन आणला, चावी भरली. डबीतल्या सुया संपल्या तर असावेत म्हणून जंबेरीचे वाळवलेले काटेही काढून ठेवले. जंबेरीच्या खुंटावर आपल्याकडे संत्र्याची कलमं बांधतात. तिचा काटा लांब आणि चिवट. तो सुईच्या जागी बसतो आणि आवाज जरा मऊ लागतो, हे तिनं स्वतःच शोधून काढलं होतं.

पहिल्या पाच-सहा बाजू ऐकून विजयमालाबाई गोंधळून गेल्या. नवरा वाजवायचा तसलं संगीत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं. "हे काय वो," त्या आत्याच्या कानात म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू आलं, "एका गल्लीत दोन वराती घुसल्यावानी."

"मले बी पयले असंच वाटे," आत्या म्हणाली. "मंग कान बसते."

नलिनीला हसू आलं. खंडेनवमीनंतरचं पहिलं. ती ऐकत होती, आणि तिच्या लक्षात येत होतं की यातली एकही बाजू तिनं आधी ऐकलेली नाही. वहीत या सगळ्यांची नावं असणार. कोणाचं कोणतं, याचा विचार करायला आज सवड नव्हती; फक्त क्लॅरिनेट कुठे येतं तेवढंच बघायचं होतं. चार बाजूंत आलं. पण ते कोण वाजवतंय हे कसं ठरवायचं? नत्थूजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. गाडीची शिटी ऐकू आली आणि गेली.

दर बाजूला नवी सुई लागते; बाराव्या बाजूला सुया संपल्या. तेराव्याला नलिनीनं काटा लावला.

आधी सगळा वृंद एकदम उसळला. मग कर्णा, मग पियानो. मग सगळ्यांनी आवाज खाली घेतला, जशी मंडळी बाजूला सरकून एखाद्याला पुढे येऊ देतात. आणि त्या जागेत एक माणूस खुशीत, मोठ्यानं ओरडला :

"चिंधू! कम ऑन, चिंधू!"

आणि क्लॅरिनेट एकटंच वर चढत गेलं.

तबकडी संपून काटा मधल्या रिकाम्या जागेत फिरत राहिला, तरी नलिनीनं उचलला नाही. तिला माहीत होतं, या वृंदांची ही रीतच असते. वाजवणाऱ्याची पाळी आली की मुख्य वादक त्याला नावानं हाक मारतो. तिनं वीस तबकड्यांवर अशा हाका ऐकल्या होत्या. त्या सगळ्या परक्या नावांच्या होत्या.

नत्थूजींनी घसा खाकरला. "चिंधू दुसराबी असू शकते," ते म्हणाले.

"भाऊ," मनकर्णा म्हणाली, "मुंबईच्या हाटेलात क्लारनेट वाजवनारे चिंधू कितीक सापडतीन तुमाले? गोव्याकडं ठेवते का कोनी पोराचं नाव चिंधू?"

आधीची दोन लेकरं गेली की आपल्याकडे तिसऱ्याचं नाव चिंधू ठेवतात. चिंधीकडे कुणाची नजर जात नाही म्हणून. नत्थूजींपेक्षा हे जास्त कुणाला ठाऊक असणार? ती दोन लेकरं त्यांचीच भावंडं होती.

विजयमालाबाई रडल्या नाहीत. त्या सरसावून बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा लावा जी." दुसऱ्यांदा त्यांनी हाक येईपर्यंत मान खाली ठेवली, आणि नंतर वर केली, आणि क्लॅरिनेट संपेपर्यंत तबकडीवरून नजर काढली नाही. तिसऱ्यांदा लावताना नत्थूजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मागच्या दारानं जात होता तो," ते हळूच म्हणाले.

नलिनीनं सांगितलं की त्या काळी वाजवणाऱ्यांनाही पुढच्या दारानं जाऊ देत नसत. क्लबातही तसंच होतं, तिनं लहानपणी पाहिलं होतं.

नत्थूजींनी मांडीवरची टोपी चाचपली. मग म्हणाले, "त्याच्या मनीआर्डरीवर मी मॅट्रिक झालो. अन् मले लाज वाटे त्याची. लोकाइले सांगो, भाऊ मुंबईले गिरणीत होता म्हनून." एवढं बोलून ते वहिनीकडे वळले. "नाव मोठ्या अक्षरात लिवू वहिनी. वरच्या ओळीत."

"वरच्या नको," विजयमालाबाई म्हणाल्या. "वाजवनाऱ्याइच्या ओळीत लिवा."

त्या दिवशी दोघंही जेवून संध्याकाळच्या गाडीनं गेली. तबकडी नलिनीनं स्वच्छ फडक्यात गुंडाळून दिली. विजयमालाबाईंनी ती घेतली, आणि दारातून परत येऊन मनकर्णाच्या पाया पडल्या. मनकर्णानं त्यांना हात धरून उठवलं. ती म्हणाली, बाप्पा, हे काय, आपन बराबरीच्या.

रात्री जेवताना नलिनी आत्याजवळ जाऊन बसली. तिला एक गोष्ट कळली होती, ती सांगितल्यावाचून राहवत नव्हतं. कागदावर चिंधूजींचं नाव नसतंच. तिनं शेकडो कागद वाचले होते. त्यावर मुख्य वादकाचं नाव असतं, बाकीच्यांचं कधीच नाही. कागद जागेवर असता तर नत्थूजींनी चष्मा लावून कुणा गोवेकराचं नाव मोठ्यानं वाचलं असतं, बाईंना घेऊन दुपारची गाडी पकडली असती, आणि विषय कायमचा संपला असता. कुणी तबकडी वाजवलीही नसती.

"आत्या," ती म्हणाली, "तू धुतल्या ते बरं झालं. मी मात्र चुकली."

"आता बोलून राहिली," आत्या म्हणाली. "इतके दिवस मुकी होती तवा?" आणि अर्ध्या भाकरीवर आणखी एक वाढून घेतली.

सभामंडप पुढच्या चैत्रात पुरा झाला. भजनवाले आणि दंडारीवाले यांच्या मधे 'चिंधूजी कामडे, क्लॅरिनेट' असं नाव आहे.

विजयमालाबाईंकडे ग्रामोफोन कधीच आला नाही. नलिनीनं आपला देऊ केला, त्यांनी घेतला नाही. बाजाराच्या दिवशी सौंसरला आल्या की पिशवीतून तबकडी काढायच्या, दोनदा ऐकायच्या, आत्याशी गप्पा मारून परत जायच्या. एका हिवाळ्यात त्यांनी कबूल केलं की आता दुसऱ्याही बाजू ऐकाव्याशा वाटतात. त्या ९६ साली गेल्या.

नत्थूजी देवळाच्या कमिटीवर शेवटपर्यंत राहिले. भावाची गोष्ट ते इतक्या वेळा सांगत की हॉटेलाचा मागचा दरवाजा हळूहळू गोष्टीतून गळून पडला आणि चिंधूजी पुढच्या दारानं जाऊ लागले. कुणी दुरुस्त केलं नाही.

दादारावांनी पुढे कॅसेटचं दुकान टाकलं, मग मुलांनी तिथे फरशीचं टाकलं. त्यांनी शेवटचा खोका नलिनीला फुकट दिला आणि वरून म्हणाले की आत्याला सांगू नका.

मनकर्णा एक्याण्णव साली, संत्र्याच्या हंगामात, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली.

नलिनी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि त्याच घरात राहिली. नागपूरच्या एका संग्राहकानं पुढे तिला सांगितलं की मधल्या कागदाच्या जागेलगत कोरलेल्या बारीक आकड्यांवरून त्या दीडशे तबकड्यांची नावं शोधून काढता येतील, यादी परदेशातून मागवता येईल. तिनं त्याला चहा दिला, मनापासून आभार मानले, आणि सध्या राहू द्या म्हणाली. तिच्या अजून पुष्कळ ऐकायच्या राहिल्या होत्या.